फुकटे श्रोते

‘हल्ली रेडिओ ऐकवत नाही हो,’ हे वाक्य सदाशिव पेठेत कुठेही, कधीही कानावर पडतं. टिळक स्मारकच्या पायऱ्यांवर पडतं, भरत नाट्यच्या मध्यंतरात पडतं, औषधांच्या दुकानात रक्तदाबाच्या गोळ्या घेताना पडतं. तक्रार सोळा आणे खरी आहे. तक्रारदार मात्र लबाड आहेत, आणि आज मला बोलायचंय ते त्यांच्याबद्दल. रेडिओवाल्यांना शिव्या घालणं सोपं. तेवढं आधी उरकून घेतो.

माझ्या नेहमीच्या सलूनमध्ये दुकान उघडल्यापासून एक खासगी एफएम स्टेशन चालू असतं. कुठलं ते सांगत नाही, कारण सांगून फरक पडत नाही. कारागिराने मधेच स्टेशन बदललं तरी तेच गाणं तिकडे अंतऱ्यापर्यंत आलेलं असतं. गळ्याला कापड गुंडाळलेलं, मान खाली दाबलेली, कानामागे वस्तरा. उठून जायची सोय नाही, म्हणून सगळं ऐकावं लागतं. निवेदक ओरडतो, ‘सो पुणेकर, मंडे मूड कसाय? ट्रॅफिकमध्ये स्टक आहात? चिल! मी आहे ना!’ आणि स्वतःच हसतो. त्याच्या पाठीमागे टेपवरची माणसंही हसतात. मग वाघोलीच्या टू बीएचकेची जाहिरात लागते. तिच्या शेवटी महारेराचा नोंदणी क्रमांक आणि ‘अटी लागू’ हे एका दमात असं काही म्हटलं जातं की ते मराठीत होतं की तेलुगूत, हे कारागिरालाही कळत नाही. मग सोन्याची घडणावळ माफ. मग दहावीनंतरचा क्लास. मग पुन्हा वाघोली. मग कुठल्याशा अनोळखी माणसाला फोन लावून पिडायचं. तो बिचारा ऑफिसातून हळू आवाजात ‘अहो, कोण बोलतंय?’ असं विचारतो, शेवटी शिवी देतो आणि तिच्यावर ‘पीं’ वाजतं. हा विनोद. मग एकदाचं गाणं. आधी कवीचं नाव नाही, संगीतकाराचं नाही, गायकाचंही नाही. दुसऱ्या कडव्यावर गाणं तोडून निवेदक परत हजर. तोवर माझे कल्ले सारखे झालेले असतात आणि मराठी गाणं म्हणाल तर एकही वाजलेलं नसतं.

त्या पोराला मराठी येत नाही असं मुळीच नाही. घरी आईशी तो नीट बोलत असणार. नोकरीवर त्याला तसं बोलू देत नाहीत.

हे असं का होतं? नालायकपणामुळे नव्हे, हिशेबामुळे. खासगी एफएमचा परवाना लिलावात बोली लावून घ्यावा लागतो, वर दरवर्षी उत्पन्नातला वाटा सरकारला द्यावा लागतो. २००१मध्ये बंगळुरूत देशातलं पहिलं खासगी एफएम स्टेशन सुरू झालं, तेव्हापासून कमाईचं साधन एकच: जाहिरात. श्रोता एक छदाम देत नाही. म्हणजे या धंद्यात गिऱ्हाईक जाहिरातदार, आणि विकायचा माल आपले कान. कुठलं स्टेशन किती ऐकलं जातं हे मोजायची जी व्यवस्था २००७मध्ये आली, तिच्यात मुंबई, दिल्ली, बंगळुरू आणि कोलकाता एवढी चारच शहरं. तिथल्या निवडक माणसांनी आपण काय ऐकलं ते डायरीत टिपायचं आणि त्यावर जाहिरातींचे दर ठरायचे. पुणे त्यात नव्हतं. पुणेकर काय ऐकतो हे विचारावंसं कुणाला वाटलं नाही. एरवी न विचारता सल्ला देणाऱ्या या शहराला, आपल्याला विचारलं नाही म्हणून राग आल्याचंही दिसलं नाही.

बातम्यांचं एक रडगाणं स्टेशनवाले नेहमी गातात. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायला बंदी आहे. फार तर आकाशवाणीची बातमीपत्रं जशीच्या तशी ऐकवा, एवढीच मुभा. तासाला दहा मिनिटं बातम्या देऊ द्याव्यात, अशी शिफारस ‘ट्राय’ या दूरसंचार नियामकाने सप्टेंबर २०२३मध्ये केली. बंदी मूर्खपणाची आहे, यात वाद नाही. पण तिच्या आड लपण्यात लबाडी आहे. वाहतूक, हवामान, पाणीपुरवठा, वीज, परीक्षा, सांस्कृतिक कार्यक्रम, नैसर्गिक आपत्ती यांची माहिती नियमांनुसार ‘बातमी’ धरली जात नाही. म्हणजे गुरुवारी कुठल्या भागाचं पाणी बंद, खडकवासल्यातून किती क्युसेक सोडलं, भिडे पूल पाण्याखाली गेला का, भारत इतिहास संशोधक मंडळात आज संध्याकाळी कोण बोलतंय, हे सांगायला कुठलाही कायदा आड येत नाही. आड येतं ते वाघोलीचं टू बीएचके.

आणि हा सगळा बाजार मांडलाय कुणाच्या जागेत? सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५मध्ये, क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून झालेल्या खटल्यात, स्वच्छ सांगितलं की रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. वाडा, मालक आणि भाडेकरू या विषयावर पेठेतल्या घरांच्या पिढ्यान्‌पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवण्यात गेल्यात, तेव्हा हे इथे वेगळं समजावून सांगायला नको. इथे मालक आपण. भाडेकरूने दिवाणखान्यात जाहिरातींचं गोदाम थाटलंय, आणि मालक जिन्याखाली उभा राहून शेजाऱ्यापाशी कुरकुरतोय.

झालं, रेडिओवाल्यांचं उरकलं. आता मालकाकडे वळू.

आपल्याआधीचे श्रोते असे नेभळट नव्हते. त्यांची गोष्ट सुरू होते तीही पुण्यात जन्मलेल्या एका माणसापासून. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ ते १९६२ अशी दहा वर्षं केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री होते. विद्वान माणूस, शास्त्रीय संगीताचा कैवारी. हिंदी सिनेमाची गाणी देशाची अभिरुची नासवतायत, असं त्यांचं ठाम मत. त्यांनी आकाशवाणीवर या गाण्यांना कात्री लावली, निर्मात्यांशी बिनसलं, आणि सिनेसंगीत सरकारी रेडिओवरून जवळजवळ हद्दपार झालं. त्या वेळी आमच्या पेठेतल्या बऱ्याच घरांत समाधानाने माना डोलल्या असणार. दुसऱ्याची अभिरुची सुधारणं हा आमचा जुना घरगुती उद्योग आहे.

श्रोत्यांनी मोर्चा काढला नाही, उपोषणं केली नाहीत. त्यांनी बटण फिरवलं. कोलंबोला दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी उभारलेला दणकट शॉर्टवेव्ह प्रक्षेपक रेडिओ सिलोनच्या हाती आला होता. भारतभर ऐकू जाईल एवढा त्याचा आवाका. डिसेंबर १९५२मध्ये तिथून बिनाका गीतमाला सुरू झाली. अमीन सयानी मुंबईत कार्यक्रम ध्वनिमुद्रित करायचे, टेप विमानाने कोलंबोला जायची आणि बुधवारी रात्री आठला समुद्र ओलांडून आवाज परत यायचा. स्वतःच्या देशातली गाणी परदेशातून ऐकायची वेळ आली, आणि लोकांनी ती आनंदाने ऐकली. माझ्या आजोळी मर्फीचा व्हॉल्व्हचा रेडिओ होता. त्याच्या काचेवर एका जागी लाल नेलपॉलिशचा ठिपका होता: काटा तिथे आणला की सिलोन. ठिपका अगदी बारीक होता, कारण आजोबांच्या नजरेत भरू द्यायचा नव्हता. बुधवारी खोलीचं दार लोटून, आवाज बारीक करून, कान पेटीला टेकवून मावश्या ऐकायच्या. शॉर्टवेव्हचा आवाज लाटेवर चढून यायचा आणि ऐन गाण्यात बुडायचा. तेवढ्यासाठी कुणी तक्रार करत बसलं नाही.

इथे कुणी म्हणेल, बिनाका तरी काय होतं? टूथपेस्टच! बरोबर. जाहिरातीवर चालणारा रेडिओ वाईटच असतो असं मी म्हणतच नाही. पण त्या टूथपेस्टच्या कार्यक्रमाला श्रोत्यांची हजारो पत्रं यायची, ती वाचली जायची, त्यांचा उल्लेख व्हायचा. झुमरीतलैया नावाचं गाव भारताला भूगोलाच्या पुस्तकाने शिकवलं नाही, फर्माइशींच्या पोस्टकार्डांनी शिकवलं. श्रोत्याला पत्ता होता. आज सलूनमधल्या त्या स्टेशनसाठी श्रोता म्हणजे ‘पुणेकर’ हा एक घाऊक शब्द आहे, बस्स.

सिलोनचा हा मार बरीच वर्षं बसला आणि ३ ऑक्टोबर १९५७ला सरकारला विविध भारती काढावी लागली. मंत्री तेच, केसकर. त्यांना वाकवलं ते ठिपके लावणाऱ्या बोटांनी.

आता केसकरांवर एकतर्फी खापर फोडणंही बरोबर नाही. त्यांच्या त्याच कडक अमदानीत, सिनेमाची गाणी नसल्याने मोकळ्या झालेल्या जागेत, काय उगवलं ते बघा. आकाशवाणीचं पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ला सुरू झालं. सवाई गंधर्व महोत्सवाचा आरंभही त्याच वर्षीचा. दीडच वर्षाने या केंद्रावर सीताकांत लाड यांनी ग. दि. माडगूळकरांकडून वर्षभर चालेल अशी मालिका लिहून घ्यायचं ठरवलं. १ एप्रिल १९५५, रामनवमी: गीतरामायणाचं पहिलं गीत. मग दर आठवड्याला नवीन कविता, सुधीर फडक्यांची नवीन चाल, नवीन तालीम. माणिक वर्मा, ललिता फडके अशी मंडळी गायला. पुढच्या रामनवमीपर्यंत ५६ गाणी झाली. रेडिओला हार घालून लोक ऐकायला बसत, असं अजून सांगतात. मला त्या हाराचं फार कौतुक नाही. मला कौतुक आहे ते या गोष्टीचं की एक स्थानिक केंद्र, ज्याला रोजचा खप दाखवायचा नव्हता, ते एका कवीला सांगू शकलं: वर्षभराची जागा तुमची, लिहा. आज कुठल्या खासगी स्टेशनवर कवी गेला तर त्याला वीस सेकंदांची जिंगल मिळेल, तीसुद्धा यमक ‘टू बीएचके’शी जुळलं तर.

पुढे १ नोव्हेंबर १९६७ला विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या, आणि त्या पहिल्यांदा ज्या केंद्रांवर वाजल्या ती मुंबई, पुणे आणि नागपूरची. म्हणजे व्यापारी रेडिओचा हा देशी प्रयोग आधी आपल्याच कानांवर झाला. गंमत म्हणजे त्याच्या महिनाभर आधी बीबीसीने ‘रेडिओ वन’ काढलं होतं. तिथेही कारण हेच: बीबीसी पोरांना हवं ते संगीत पुरेसं वाजवेना, म्हणून १९६४पासून ‘रेडिओ कॅरोलाइन’सारखी चाचेगिरी करणारी स्टेशनं किनाऱ्याबाहेर जहाजांवरून गाणी वाजवत होती आणि लाखो लोक ती ऐकत होते. जगात कुठेही बघा, रेडिओ सुधारला तो श्रोता उठून गेला तेव्हा.

तेव्हाचा श्रोता आणखी एक गोष्ट करायचा, जी आज सांगितली तर पोरं हसतील. तो रेडिओ ऐकायचे पैसे द्यायचा. घरी सेट असला की पोस्टात जाऊन लायसनची वार्षिक फी भरायची, पुस्तकात शिक्का मारून घ्यायचा. १९८०च्या दशकात ते बंद झालं आणि आपल्याला वाटलं, सुटलो. तिथेच फसलो. ज्याचा पैसा, त्याचं ऐकलं जातं. आपण पैसा काढून घेतला आणि आवाजही. अमेरिकेत बर्कलीला १९४९पासून केपीएफए नावाचं एक स्टेशन श्रोत्यांच्या वर्गणीवर चाललंय. तिथला श्रोता फोन करून शिव्या घालतो तेव्हा स्टेशनला ऐकून घ्यावं लागतं, कारण शिव्या घालणाऱ्याची पावती फाडलेली असते.

आपल्याकडेही वर्गणीची एक हौस होऊन गेली. २०००नंतर काही वर्षं पेठेतल्या सुखवस्तू घरांच्या खिडक्यांत वर्ल्डस्पेसची छोटी अँटेना दिसायची. उपग्रहावरून रेडिओ: ‘गंधर्व’ वाहिनीवर अहोरात्र हिंदुस्थानी संगीत, ‘फरिश्ता’वर जुनी हिंदी गाणी. ऐकणारे अजून हळहळतात. मूळ कंपनीने २००८मध्ये अमेरिकेत दिवाळखोरी जाहीर केली, ३१ डिसेंबर २००९ला भारतातली सेवा थांबली आणि रिसीव्हर माळ्यावर गेले. वर्गणी होती, पण मालकी नव्हती. धंदा दुसऱ्याचा, निर्णय दुसऱ्याचा.

मग २०१७मध्ये कारवां आला: जुन्या ट्रान्झिस्टरचं रूप, आत पाच हजार गाणी भरलेली. अमेरिकेतल्या मुलाने दिवाळीला आई-वडिलांच्या हाती ठेवायची वस्तू. मराठी गाण्यांचा वेगळा कारवांही निघाला. घरोघरी आहे, आणि म्हाताऱ्यांना त्याचा आधार वाटतो, हे मी नाकारत नाही. पण त्याला रेडिओ म्हणू नका. पाच हजारांनंतरचं एक गाणं त्यात कधीही येणार नाही. त्याला बाहेर पाऊस लागलाय हे कळत नाही, उद्या दसरा आहे हे कळत नाही. ६ फेब्रुवारी २०२२ला लता मंगेशकर गेल्या. त्या दिवशी आकाशवाणीने आपले कार्यक्रम बाजूला ठेवले, कारवांने काहीच बाजूला ठेवलं नाही.

मोबाइलमधली ॲप्स त्याहून हुशार, म्हणून त्याहून वाईट. एकदा वसंतराव देशपांडे ऐका, महिनाभर ॲप तुम्हाला वसंतरावांच्या पलीकडे जाऊ देत नाही. तुम्हाला जे आवडतं तेच तुमच्या कानात पुन्हा कोंबायचं, हा त्यांचा शोध. आवडत नसलेलं काही चुकून कानावर पडावं आणि पुढच्या वर्षी ते आवडू लागावं, ही जी रेडिओची खरी कमाई, ती तिथे बंद. शिवाय गाणी लावणाऱ्या यंत्राला कवी ठाऊक नाही. पडद्यावर गायकाचं नाव, सिनेमाचं पोस्टर. शांता शेळके, सुरेश भट, आरती प्रभू यांची नावं शोधायला आणखी चार ठिकाणी बोट दाबा. आकाशवाणीची निवेदिका हे गीत, संगीत, स्वर या क्रमाने दर गाण्याला सांगते. पन्नास-साठ वर्षं हे ऐकून मराठी माणसाला आपले कवी पाठ झाले. शाळेने ते काम केलेलं नाही.

पॉडकास्टबद्दल थोडक्यात: काही उत्तम आहेत, आणि बऱ्याचशांत दोन माणसं दोन तास एकमेकांचं कौतुक करतात. बोलती पुस्तकं मात्र मनापासून चांगली. स्टोरीटेल २०१७मध्ये भारतात मराठीसह आलं आणि वाचन सुटलेल्या कित्येकांच्या कानांत कादंबऱ्या परत आल्या. ‘रेडिओ गार्डन’ नावाची एक डच करामत आहे: पडद्यावर पृथ्वी फिरवा, ठिपक्यावर बोट ठेवा, त्या गावचं स्टेशन लागतं. रात्री मी लिस्बन ऐकतो, कळत काही नाही. पण लिस्बनचा निवेदक लिस्बनबद्दल बोलतो, एवढं कळतं. तेवढ्यानेच जळफळाट होतो.

ही सगळी साधनं एकेकट्याच्या कानातली आहेत, माझी तक्रार तिथे आहे. वाड्यात एकाचा रेडिओ चार बिऱ्हाडं ऐकायची, आणि ‘आवाज कमी करा’ म्हणून भांडायचीही. आज सोसायटीत चार मजल्यांवर चार जण चार वेगवेगळी गाणी कानात घालून लिफ्टची वाट बघत उभे असतात. प्रत्येकाला आपापला पर्याय सापडलाय, आणि रेडिओ होता तिथेच, वाघोलीत, पडून आहे. सिलोन ऐकणारेही घराघरांतच बसले होते, पण बुधवारी आठला सगळे एकाच जागी होते. म्हणून त्यांच्या उठून जाण्याचा आवाज दिल्लीपर्यंत गेला. आपण उठून गेलो ते कुणाला कळलंसुद्धा नाही.

नाही म्हणायला एकदा कळलं. जून २०२३मध्ये आकाशवाणी पुणे केंद्राचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करायचा निर्णय झाला. म्हणजे सकाळी सात-दहाच्या बातम्या पुण्याहून बंद. त्यावर एकच ओरड झाली, सर्व पक्षांचे लोक बोलले, आणि काही दिवसांत निर्णय थांबला. ओरडलं की ऐकू जातं, हे सिद्ध झालं. पण मला त्यात एक गोष्ट खुपली. त्या आठवड्यात ‘आमच्या आठवणींतली आकाशवाणी’ म्हणून गळा काढणाऱ्या किती जणांनी त्या महिन्यात ७९२ किलोहर्ट्झवर सकाळच्या बातम्या ऐकल्या होत्या? मी माझ्या जिन्यात विचारलं. ‘आमच्याकडे आता रेडिओ कुठेय?’ असं उत्तर आलं. श्राद्धाला गर्दी, हयातीत कुणी विचारत नाही.

हेही मान्य की मीडियम वेव्ह ऐकणं पेठेत आता सोपं राहिलेलं नाही. एलईडी दिव्यांचे स्वस्त चोक, इन्व्हर्टर, मोबाइलचे चार्जर हे सगळे त्या लहरींवर खरखर ओततात. जिन्यातला एक दिवा बंद केला तर बातम्या स्पष्ट होतात, हे मी करून पाहिलंय. आणि आकाशवाणीलाही पावन करून घ्यायचं कारण नाही. सरकारी योजनांच्या जाहिराती, मंत्र्यांची भाषणं, त्याच त्या जुन्या मुलाखती परत परत. पण तिथे तक्रार केली तर निदान ती घेणारं कार्यालय शिवाजीनगरला आहे. तिचं ॲप फुकट आहे, त्यावर ‘रागम्’ ही शास्त्रीय संगीताची वाहिनी २०१६पासून चोवीस तास आहे. ‘शास्त्रीय ऐकायला मिळत नाही’ असं म्हणणाऱ्या आमच्या किती रसिकांनी ती लावली?

आता ज्या पर्यायापासून आपण सगळे नजर चुकवतो, तो सांगतो. स्वतःचं स्टेशन. २००२मध्ये सरकारने शैक्षणिक संस्थांना आणि २००६मध्ये नोंदणीकृत स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओचा मार्ग मोकळा केला. लिलाव नाही, बोली नाही. शंभर वॉटची मर्यादा, म्हणजे आसपासच्या काही किलोमीटरपुरता आवाज. संस्था किमान तीन वर्षं जुनी हवी. राजकीय पक्षाला मिळत नाही, नफ्याच्या कंपनीला मिळत नाही, एकट्या-दुकट्याला मिळत नाही. खर्चासाठी तासाला बारा मिनिटं जाहिराती घ्यायला २०२४पासून परवानगी आहे. पुणे विद्यापीठाची ‘विद्यावाणी’ १०७.४वर २००५पासून आहे. फिल्म इन्स्टिट्यूटचं स्टेशन ९०.४वर आहे. दोन्ही पेठेच्या वाटेवरची, आणि दोन्हींबद्दल पेठेत विचारलं की लोक ‘अरे वा, असं का!’ म्हणतात.

साताऱ्याच्या माण तालुक्यात, जिथे पाण्याची मारामार, म्हसवडला २००८पासून ‘माणदेशी तरंग वाहिनी’ चालते. बचत गटातल्या बायका माइकवर बोलतात. तेलंगणातल्या माचनूरला त्याच वर्षी दलित शेतकरी बायकांनी ‘संघम रेडिओ’ सुरू केला. बारामतीला ‘वसुंधरा वाहिनी’ आहे. फार कशाला, येरवड्याच्या तुरुंगात कैद्यांसाठी अंतर्गत रेडिओ चालला. संजय दत्तने शिक्षा भोगताना त्यावर निवेदन केलं. म्हणजे जन्मठेपेवाल्यांना त्यांचं स्टेशन मिळालं. सदाशिव पेठेला नाही.

तीन वर्षं जुनी संस्था हवी, म्हणे! आमच्याकडे महाराष्ट्र साहित्य परिषद १९०६ची, भारत इतिहास संशोधक मंडळ १९१०चं, ज्ञान प्रबोधिनी १९६२ची. टिळक स्मारकात भरणारी वसंत व्याख्यानमाला १८७५ची, रेडिओचा शोध लागण्याआधीची. रोज संध्याकाळी या पेठेत कुठेतरी कुणीतरी बोलत असतं, गात असतं, शाहिस्तेखानाची बोटं नेमकी किती तुटली यावर वाद घालत असतं. कार्यक्रमांचा तुटवडा असलेली स्टेशनं जगात अनेक आहेत; इथे कार्यक्रम पडून आहेत आणि स्टेशन नाही. दीडशे खुर्च्यांच्या सभागृहात चाळीस डोकी व्याख्यान ऐकतात आणि ते हवेत विरतं. चौथ्या मजल्यावर गुडघे धरून बसलेल्या आजींना ते ऐकायचं असतं. त्यांच्या वाट्याला येतो ‘मंडे मूड’.

हा विषय काढला की पहिला आक्षेप: परवानगीला फार वेळ लागतो. लागतो. वेगवेगळ्या खात्यांतून कागद फिरतो, शहरात फ्रिक्वेन्सीची टंचाई आहे. पण वाड्याच्या दाव्यात वीस वर्षं तारखा घेणाऱ्यांनी उशिराची सबब सांगू नये. दुसरा आक्षेप: पैसा कुठून आणायचा? विसर्जन मिरवणुकीत एका मंडळाच्या स्पीकरच्या भिंतीला जितके वॉट लागतात, त्यापुढे कायद्याने दिलेले शंभर वॉट हे किरकोळीत जमा आहेत. त्या भिंतीची वर्गणी आपण दारात उभं राहून निमूट देतो, आणि मग खिडक्या लावून घेतो. तिसरा आक्षेप कुणी तोंडाने बोलत नाही: अध्यक्ष कोण होणार?

नियमांत एक अट आहे, की हे स्टेशन एका निश्चित स्थानिक समुदायासाठी असलं पाहिजे. सदाशिव पेठेचा समुदाय म्हणजे नेमके कोण? जुने वाडेवाले? फ्लॅटवाले? स्पर्धा परीक्षेसाठी मराठवाड्यातून येऊन इथल्या अभ्यासिकांत आणि कॉट बेसिसवर राहणारी पोरं, जी आज पेठेत आमच्याहून जास्त वेळ जागी असतात? सकाळी पोळ्या लाटायला येणाऱ्या बायका? यावर नागनाथ पारापासून पेरूगेटापर्यंत जुंपणार, दोन गट पडणार, एक गट सभात्याग करणार. जुंपू द्या. माइक तेवढा चालू ठेवा. पहिल्या आठवड्याचा कार्यक्रम त्यातच निघेल.